राघोत्तमरावांची एकच गोष्ट

राघोत्तमरावांनी सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट लिहिली, आणि ती बिघडवण्यात माझा हात होता. हे मी आजवर एकीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. एकदा सांगायला गेले होते, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

चेन्नईत, पेरुंगुडीला, आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. मी पाचव्यावर भाड्याने. मी मूळची सांगलीची, रेवा माझं नाव, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. एका सकाळी लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. शेजारी पांढरी वेष्टी, इकडचं धोतर, नेसलेले, उंच, किंचित वाकलेले एक गृहस्थ उभे होते. तिसरा मजला आला, दार उघडलं, पण ते उतरले नाहीत. माझ्याबरोबर पाचव्यावर आले आणि मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "मराठी बोललीस कीं तूं. ह्या बिल्डिंगांत मराठी ऐकून दोन वर्षं झालीं."

त्यांची मराठी माझ्या कानाला जुन्या पत्रांसारखी लागली, तीही तमिळच्या चालीवर म्हटलेली. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, तिथून वडील नोकरीसाठी मद्रासला. घरात तीच भाषा टिकली. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको सईबाई गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. मुलगी कीर्तना बंगळूरला. तिला मराठी ऐकून कळते, थोडी बोलताही येते, पण नागरी लिपी वाचता येत नाही. ती शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकली.

मग रविवारी सकाळी त्यांच्याकडे कॉफीला जाणं हा माझा परिपाठ झाला. फिल्टर कॉफीचं डिकाशन ते स्वतः काढत. मी त्यांना सर म्हणायची, कारण त्यांनी चौतीस वर्षं एका कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं होतं. भिंतीला लागून त्यांच्या नोट्सचे गठ्ठे, जुन्या प्रश्नपत्रिका, परीक्षेसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तकं. लेखकाला काय म्हणायचं असतं आणि ते तो कसं पोचवतो, एवढा एकच विषय त्यांनी जन्मभर शिकवला, असं ते म्हणत.

शिकवणं त्यांच्या अंगातच होतं. मी कधी साहित्य शिकले नव्हते, म्हणून मला सोपी उदाहरणं देत. एका माणसाचा मुलगा वारला आहे समज, असं सांगायचे. कच्चा लेखक लिहितो, त्याला फार दुःख झालं. जाणता लेखक एवढंच लिहितो, की तो हल्ली ऑफिसला लांबच्या रस्त्यानं जातो. जवळच्या रस्त्यावर शाळा आहे, हे त्यानं चार पानं आधी सहज सांगून ठेवलेलं असतं. बाकीचं वाचणाऱ्यानं करायचं.

एकदा शब्दांच्या पुनरावृत्तीवर बोलत होते. ते वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. "एकच शब्द फिरून फिरून आला, कीं आळशी वाचक म्हणतो, ह्याला दुसरा शब्द सुचला नाहीं. चांगला वाचक तिथें थांबतो."

मी मान डोलावली होती.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्यात, त्यांनी मला एक लांबट वही दिली. गोष्ट लिहिली आहे म्हणाले. नागरी अक्षरं ते संस्कृतच्या निमित्ताने शिकले होते, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं, पण भाषा घरातली. एका मास्तराची आणि त्याच्या बायकोची गोष्ट. बायकोचं नाव प्रमोदिनी. मास्तराला नावच नव्हतं, नुसतं 'यजमान' म्हटलं होतं. बाई हळूहळू आजारी पडते आणि शेवटी जाते. सगळी गोष्ट स्वयंपाकघर, बाल्कनी आणि मास्तराचं टेबल एवढ्यातच घडते.

मी ती रात्रीच्या जेवणाआधी एका बैठकीत वाचली. खरं सांगायचं तर मला ती संथ वाटली. बाई काहीतरी बोलायला येते, वाक्य अर्धं सोडते, यजमान उत्तरपत्रिकांवरून मान न उचलता म्हणतो, "पाहूं." पुन्हा भाजी निवडताना ती काहीतरी बोलते, पुन्हा "पाहूं." शेवटी ती खाटेवर पडलेली आहे, तो पाण्याचं भांडं घेऊन उभा आहे, आणि ती विचारते, "पेपर संपले का?" तिथेच गोष्ट संपते.

मला वाटलं, त्यांनी बायकोच्या आठवणी लिहून काढल्या आहेत. म्हातारपणी माणसं लिहितात तसं. मी म्हटलं, सर, सुंदर आहे, आपण छापू या. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी अजून काही विचारेन, अशी वाट बघत असावेत. मग त्यांनी हळूच विचारलं, छापलेली असली तर कीर्तना गंभीरपणे ऐकेल का? मी म्हटलं, का नाही ऐकणार?

दोन आठवडे संध्याकाळी बसून मी ती टाइप केली आणि पुण्याकडच्या एका दिवाळी अंकाला माझ्या ऑफिसच्या ईमेलवरून पाठवली. संपादकांचा फोन मला आला तो ऑफिसात, नवं सॉफ्टवेअर द्यायच्या, म्हणजे रिलीजच्या आठवड्यात. माणूस भला होता. गोष्टीचा जीव चांगला आहे म्हणाला. मात्र तंजावरी बोली वाचकांना जड जाईल, ती थोडी प्रमाण मराठीकडे आणावी लागेल. दुसरं म्हणजे पुनरुक्ती फार आहे. "नवरा अकरा वेळा 'पाहूं' म्हणतो हो. आम्ही दोन ठेवतो. तिची ती अर्धवट वाक्यंही काढतो, त्यानं कथा रेंगाळते. शेवटही नीट लागत नाही, एखादं वाक्य घालू का?"

माझ्यासमोर दोन स्क्रीन उघड्या होत्या आणि टीम लीड काचेपलीकडून खुणा करत होता. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. सरांना विचारते, असं म्हणायचंही मला सुचलं नाही. घरी येऊन मी त्यांना एवढंच सांगितलं, की गोष्ट स्वीकारली. संपादकांनी दुरुस्त केलेली प्रत ईमेलने आली, ती मी माझ्या जुन्या फाइलवरच उतरवून घेतली. एकच गोष्ट दोनदा कशाला ठेवायची!

त्या वर्षी दिवाळीला कीर्तना आली. एका मोठ्या कंपनीत माणसं नेमण्याचं काम करणारी, चाळिशीची, बोलायला मोकळी बाई. मी तिला अक्का म्हणते. अंक कुरियरने नेमका त्याच सकाळी आला. सरांनी अजून उघडलाही नव्हता. त्यांनी मला खाली बोलावून घेतलं आणि गोष्ट मोठ्यानं वाच म्हणाले. स्वतः कीर्तनाच्या समोर, तिचा चेहरा दिसेल असे बसले. बाहेर पावसाळी अंधार होता, म्हणून दिवा लावला.

मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर सर एकदम पुढे झुकले. मला वाटलं, ऐकू येत नसेल, म्हणून आवाज चढवला. प्रत्येक पानागणिक ते असे कुठेतरी पुढे झुकायचे, काहीतरी यायची वाट बघितल्यासारखे, आणि मग मागे टेकायचे. मी शेवटाला आले. 'पेपर संपले का?' या वाक्यानंतर संपादकांनी घातलेलं वाक्य होतं, तेही वाचलं: 'तिने आपलं दुखणं शेवटपर्यंत कुणालाच कळू दिलं नव्हतं.'

कीर्तना रडत होती. ती उठून वडिलांच्या पायाशी जाऊन बसली, त्यांचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "अम्मा अशीच होती," ती म्हणाली. "तुम्हांसही सांगितली नाहीं. हॉस्पिटलांत मी विचारलें, तेव्हां तिनंच म्हटली, कोणासही सांगितलें नाहीं मी म्हणून. अजून राग येतो मला तिचा, अप्पा. निदान तुम्हांला तरी सांगायचें होतें."

सरांनी तोंड उघडलं. "तिनं..." एवढंच म्हणाले. कीर्तनाने डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं होतं. त्यांचा मोकळा हात वर आला, थोडा वेळ थांबला, आणि तिच्या केसांवर टेकला.

कीर्तना बंगळूरला परत गेली. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा डिकाशन काढलेलं नव्हतं. अंक टेबलावर होता, शेजारी त्यांची वही. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, कोणी कापलं?

मी सगळं सांगितलं. फोन, रिलीज, योग्य वाटेल तसं करा. ते रागावले नाहीत. वर्गात एखाद्या मंद मुलीला समजावावं तशा आवाजात त्यांनी मला गोष्ट समजावून दिली.

सईबाईंनी चैत्रात पहिल्यांदा सांगितलं होतं, काखेपाशी गाठ लागते म्हणून. ते तेव्हा विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होते. ते म्हणाले होते, पाहूं. वैशाखात तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा ते नव्या अभ्यासक्रमाचं मार्गदर्शक पुस्तक लिहीत होते. ती एकटी कधी दवाखान्यात गेली नव्हती आणि यांना वेळ नव्हता. सात महिने गेले. किती वेळा सांगितलं, ते त्यांना चांगलं आठवत होतं, कारण तिच्या पश्चात त्यांनी दुसरं काही आठवलंच नव्हतं. अकरा वेळा. डॉक्टरांनी उशीर का झाला विचारलं, तेव्हा ती यांच्या आधी बोलली, मी कुणाला सांगितलंच नाही म्हणून. मुलीलाही तिने तेच सांगितलं. जाताजाता नवऱ्याला झाकून गेली.

"कीर्तना आपल्या अम्मावर रागावून आहे," ते म्हणाले. "जी सांगत होती तिच्यावर. जो ऐकला नाहीं त्याच्यावर नव्हे."

मी म्हटलं, मग तुम्ही तिला सरळ का सांगितलं नाहीत?

"मला सरळ सांगायला येत नाहीं, रेवा. जन्मभर मी हेंच शिकवलों, कीं खरी गोष्ट सांगायची नसते, वाचणाऱ्याच्या हाताला लागेल अशी ठेवायची असते. मी ठेवलों होतों. अकरा ठिकाणीं."

मी रडायला लागले. त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी म्हणाले, मी आत्ता अक्काला फोन करते, वहीतली मूळ गोष्ट वाचून दाखवते. त्यांनी नको म्हटलं. का, ते मी विचारलं.

"त्या दिवशीं तोंड उघडलों मी, तूं पाहिलीस. तिनं हात धरली होती. अम्मा गेल्यापासून तिनं माझा हात धरली नव्हती. मला तो सोडवून घ्यायला झालें नाहीं." मग म्हणाले, "सईला बुडवून मी मुलगी मिळवलों, असंच झालें."

मी संपादकांना लिहिलं. मूळ गोष्ट पुन्हा छापता येईल का, विचारलं. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं. कथेला वाचकांची फार चांगली पत्रं येत आहेत, सोशिक स्त्रीचं इतकं हळुवार चित्र क्वचित वाचायला मिळतं असं लोक म्हणतात, आता बदल करणं बरं दिसणार नाही. दोन पत्रं त्यांनी सोबत पाठवली होती. सरांनी ती वाचली आणि घडी घालून परत दिली.

पुढच्या वर्षी आणखी एक पत्र आलं. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजाला ही कथा पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात घ्यायची होती. परवानगी हवी होती. सोबत पाठाचा कच्चा खर्डा होता, शेवटी स्वाध्याय. सरांनी चष्मा लावून प्रश्न वाचले आणि मग मला मोठ्याने वाचायला लावले. प्रमोदिनीने आपले दुखणे लपवण्यामागील कारणे लिहा. प्रमोदिनीच्या मौनातून लेखकाने त्यागाचा आशय कसा व्यक्त केला आहे, ते स्पष्ट करा. यजमानांच्या असहायतेचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.

मी म्हटलं, आपण नकार देऊ. ते पेन शोधत होते. सही करून कागद माझ्याकडे देत म्हणाले, "मीही चौतीस वर्षं असेच प्रश्न काढलों. मेलेले लेखक, जिवंत लेखक. त्यांना काय सांगायचें होतें, कोण जाणे. मुलांनी माझं उत्तर पाठ केलें आणि पास झालीं."

त्यानंतर त्यांनी वाचणं सोडलं. मला वाटलं होतं, काही दिवसांनी पुन्हा पुस्तक हातात घेतील. घेतलं नाही. रविवारी मी जायची तर तमिळ मालिका लागलेली असायची, आवाज बंद. कॉफी मीच करायला लागले. कीर्तना आता आठवड्यातून दोनदा फोन करायची, आधी महिन्यातून एकदा करायची. प्रत्येक फोननंतर ते आणखी थोडे खचलेले दिसत. ती त्यांच्यावर माया करत होती आणि त्या मायेचा प्रत्येक शब्द चुकीच्या माणसाच्या वाट्याला येत होता. सईबाईंच्या श्राद्धाला ती आली, तेव्हा जेवायला बसलेल्या नातेवाइकांना तिने सांगितलं, की बायकांनी असं सोसत बसू नये, माझ्या अम्मानं सोसलं आणि अप्पांना एकटं टाकून गेली. सर पानावर बसले होते. त्यांनी आपोशन घेतलं आणि खाली मान घालून जेवले. मी वाढत होते. भाताचं भांडं घेऊन मी पुढच्या पानाकडे गेले.

गेल्या फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. मी तेव्हा चुलतभावाच्या लग्नाला सांगलीला गेले होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. तिकीट मिळून परत यायला मला चार दिवस लागले.

मी आले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. हॉल रिकामा. भिंतीलगतचे गठ्ठे नव्हते. कीर्तना एकटीच खाली बसून खोके बांधत होती. मी वहीबद्दल विचारलं, एक लांबट वही, निळ्या पुठ्ठ्याची. कागद सगळे आदल्या दिवशी रद्दीवाल्याने नेले होते. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. सगळ्या कॉलेजच्याच नोट्स असतील, असं तिला वाटलं. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानापर्यंत गेले. टेम्पो पहाटेच गेला होता. माझ्या लॅपटॉपमध्ये गोष्ट होती, पण ती दुरुस्त केलेली, कारण तिच्यावरच मी नवी उतरवली होती. पुढे ऑफिसातल्या मुलाने जुनी काढून देण्याचा प्रयत्न केला. निघाली नाही. पाठवलेली ईमेलही ऑफिसच्या खात्यातून वर्षभरानं पुसली गेली होती, आणि संपादकांकडेही मूळ प्रत उरली नव्हती.

तरी त्या दिवशी मी वर गेले आणि तिला सांगितलं. जे जसं ऐकलं होतं तसं. चैत्रातली गाठ, वैशाख, सात महिने, कापलेली वाक्यं, माझा फोन. ती खोक्याला टेकून ऐकत होती. मधे एकदाही तिने मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं, ती रडेल, किंवा मला बाहेर जा म्हणेल.

"गोष्ट माझ्याकडं आहे," ती म्हणाली. "छापलेली. त्यांत अप्पांनी स्वच्छ लिहिलेत, तिनं कोणासही सांगितली नाहीं म्हणून."

मी म्हटलं, अक्का, ते वाक्य त्यांचं नाही.

"अम्मानंही मला तेंच सांगितली. तिच्या तोंडानं." तिने चिकटपट्टीचं टोक नखाने शोधायला सुरुवात केली. "अप्पांना अपराधी वाटत होतें, तें मला ठाऊक आहे. मागे राहिलेल्या सगळ्यांनाच वाटतें. म्हणून तुला कांहीं सांगितले असतील. तूं तें खरं धरलीस."

मी पुन्हा सांगू लागले. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता, नुसते शब्द होते, आणि ते दुसऱ्याचे. ती ऐकून घेत होती, तशी ती ऐकून घेणारी बाई आहे. मग एकदम म्हणाली, "समज, खरं असेल. तर मी आतां काय करूं? दोघंही नाहींत. रागवायला कोण आहे, क्षमा मागायला कोण आहे? माझ्याकडं अप्पा तरी राहिलेत. तेही नेऊं नको."

मी तिच्याबरोबर बसून उरलेले खोके बांधले. संध्याकाळी तिची गाडी आली. निघताना तिने मला जवळ घेतलं, बंगळूरला ये म्हणाली. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर आता सिरुसेरीच्या आयटी पार्कला कामाला जाणारं एक नवीन जोडपं राहतं. त्या कॉलेजाचं पाठ्यपुस्तक जूनमध्ये निघालं, एक प्रत सरांच्या नावाने आली. वॉचमनला ती कुणाला द्यायची ते कळेना, म्हणून त्याने माझ्या दारात ठेवली. प्रश्न तेच आहेत. खाली एक जास्तीचा घातला आहे, दहा गुणांचा: कथेच्या शेवटच्या वाक्याचे महत्त्व विशद करा.